मताविना प्रतिनिधी

प्रातिनिधिक लोकशाहीत मतदार उमेदवाराला मत देतो आणि निवडून आलेला प्रतिनिधी सभागृहात मतदारांच्या वतीने मत देतो. या साखळीची दुसरी कडीच नसलेली एक निवडणूक दर दोन वर्षांनी अमेरिकेच्या राजधानीत होत असते.

राज्यघटनेनुसार अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचे सभासद राज्यांतील जनतेने निवडावयाचे असतात आणि वॉशिंग्टन कोणत्याच राज्यात मोडत नाही. १९६१ च्या घटनादुरुस्तीने तेथील नागरिकांना अध्यक्षाच्या निवडणुकीत भाग घेता येऊ लागला. १९७० मध्ये कायदा होऊन २३ मार्च १९७१ रोजी वॉल्टर फॉन्ट्रॉय हे प्रतिनिधी म्हणून निवडून आले. ते धर्मोपदेशक होते आणि मार्टिन ल्यूथर किंग यांचे सहकारी होते.

हा प्रतिनिधी भाषण करतो, विधेयक मांडतो, समितीत मतही देतो. परंतु विधेयक अखेरच्या मताला पडते, तेव्हा त्याला स्वस्थ बसावे लागते. १९९३ साली संपूर्ण सभागृहाच्या समितीत मत देण्याची सवलत अशा प्रतिनिधींना मिळाली. तीत एक अट होती. त्यांच्या मतांमुळे निकाल फिरत असेल, तर त्यांना वगळून तत्काळ फेरमतदान घ्यावयाचे. म्हणजे मताचा परिणाम होत नसेल, तोवरच ते ग्राह्य! पुढे सभागृहातील बहुमत पालटले की ही सवलतही पालटू लागली. १९९५ साली ती गेली, २००७ साली आली, २०११ साली गेली आणि २०१९ साली पुन्हा आली.

२०२० च्या जनगणनेत वॉशिंग्टनची लोकसंख्या सुमारे ६ लाख ९० हजार होती. वायोमिंग राज्याची त्याहून एक लाखाने कमी. तरी त्या राज्याला प्रतिनिधिगृहात एक आणि सिनेटमध्ये दोन पूर्णाधिकारी सभासद आहेत. वॉशिंग्टनचा नागरिक मात्र केंद्राचा आयकर भरूनही या अधिकाराला मुकतो. आपल्या राजधानीतील नागरिक लोकसभेवर सात सभासद पाठवितात, हे ध्यानी घेतले म्हणजे हा भेद विशेष जाणवतो.

राजधानीला राज्याप्रमाणे प्रतिनिधित्व देणारी घटनादुरुस्ती १९७८ साली काँग्रेसने संमत केली. तिला ३८ राज्यांची मान्यता हवी होती. १९८५ मध्ये मुदत संपली, तेव्हा केवळ १६ राज्यांची मिळाली होती. ज्यांना मताधिकार आहे, त्यांच्याच संमतीवाचून तो इतरांना मिळू शकत नाही, ही या प्रश्नातील खरी अडचण होय. अशा स्थितीतही वॉशिंग्टनचे मतदार प्रत्येक निवडणुकीत मतपेटीपर्यंत जातात. आपल्या प्रतिनिधीचे मत मोजले जाणार नाही हे त्यांना ठाऊक असते; परंतु त्याचा आवाजही सभागृहात नसावा, हे त्यांना मान्य नाही.