समुद्रपुष्प आणि शंखवासी खेकडा : सहजीवनाचा एक जुना करार

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



माळव्याच्या पठारावर बसून खोल समुद्रातील प्राण्यांची चर्चा करणे काहींना विचित्र वाटेल. समुद्र येथून शेकडो मैल दूर. परंतु ज्या संस्थेच्या कपाटांत कोशवाङ्मयापासून प्रवासवर्णनांपर्यंत सर्व काही शंभर वर्षे शेजारी शेजारी नांदले आहे, तेथे हा विषय परका ठरू नये.

'सहजीवन' हा शब्द आपण आज लग्नपत्रिकांतून आणि सत्कारसमारंभांतून सढळपणे वापरतो. त्याला एक गोडसर चव आली आहे. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आंतोन द बारी याने १८७८ साली या अर्थाची संज्ञा विज्ञानात रूढ केली, तेव्हा त्याला अभिप्रेत होते ते एवढेच, की भिन्न जातींच्या जीवांनी एकत्र जगणे. त्यात मैत्रीची अट नव्हती, उभयपक्षी लाभाचीही नव्हती. परजीवीसुद्धा त्याच व्याख्येत बसत. लाभ कोणाला आणि किती, हे प्रत्येक जोडीपुरते स्वतंत्रपणे तपासावे लागते. तशी तपासणी करण्यास शंखवासी खेकडा आणि समुद्रपुष्प यांच्याइतकी चांगली जोडी मला ठाऊक नाही.

या खेकड्याची अडचण जन्मजात आहे. पुढचा भाग कवचाने झाकलेला, नांग्या मजबूत. पण पोट मऊ, पिळलेले आणि उघडे. म्हणून तो मेलेल्या गोगलगायींचे शंख शोधून त्यांत राहतो. शरीर वाढते, शंख वाढत नाही. म्हणजे जन्मभर भाड्याची घरे बदलत राहणे आले! उथळ किनाऱ्यावर शंख तुलनेने सहज मिळतात. खोल तळावर मात्र मोठा, टणक शंख मिळणे कठीण होत जाते.

समुद्रपुष्प हे नावाने फूल असले, तरी तो प्राणीच आहे. तोंडाभोवतीच्या संस्पर्शकांत विषारी दंशकोशिका, खाली चिकटून राहण्यासाठी तळवा. हाड नाही, कवच नाही. असा मऊ जीव घर बांधू शकेल, हे कोणाच्या मनात येणार? वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयातील नामवंत शंखतज्ज्ञ विल्यम हीली डॉल यांच्याही आले नाही. पॅसिफिक महासागराच्या खोल पाण्यातून आलेली एक सोनेरी झाक असलेली, सर्पिल वळणाची वस्तू त्यांनी १९०३ साली शंख समजून वर्णिली आणि गोगलगायींच्या एका कुळात नवी प्रजाती म्हणून नोंदवली : स्टायलोबेट्स एनियस. प्रत्यक्षात ती समुद्रपुष्पाची निर्मिती होती. १९८० साली डन, डेव्हेनी आणि रॉथ या तिघांनी या प्राण्याचे सविस्तर पुनर्वर्णन केले. समुद्रपुष्प खेकड्याच्या लहानशा शंखावर बसते, आपल्या तळव्यातून कायटिनयुक्त द्रव्य स्रवते, आणि शंखाच्या तोंडापासून पुढे तेच वळण राखीत एक लवचीक आवरण वाढवत नेते. खेकडा वाढतो तसे घरही वाढते. डॉल यांना दोष देण्याचे कारण नाही. वस्तू हातात घेतली तर कोणीही शंखच म्हणेल.

आता देवघेव. खेकड्याला घर मिळते, शिवाय पहारेकरी मिळतो. कॅनेडियन प्राणिशास्त्रज्ञ डोनाल्ड रॉस यांनी १९७१ साली प्रयोगाने दाखवून दिले, की शंखावर समुद्रपुष्प असलेल्या खेकड्याला ऑक्टोपस सहसा सोडून देतो. स्पर्श होताच दंश बसतो आणि त्याची भुजा मागे सरते. समुद्रपुष्पाला काय मिळते? पाय नसलेल्याला फिरते वाहन मिळते, चिखलाच्या तळावर बसायला कठीण जागा मिळते, आणि खेकड्याच्या जेवणातील उष्टेमाष्टे मिळते. अर्थात सर्व जोड्यांत हे प्रमाण सारखे नाही. भूमध्य समुद्रातील कॅलिअॅक्टिस नावाचे समुद्रपुष्प खेकड्याविना दगडावर किंवा रिकाम्या शंखावरही राहू शकते. त्याच समुद्रातील अॅडॅम्सिया मात्र प्रौढपणी खेकड्याशिवाय सहसा आढळत नाही. कोणी हौसेने सोबत राहतो, तर कोणाला दुसरी वाटच उरलेली नसते. दोघांनाही आपण 'सहजीवन' म्हणतो.

याच विषयातील एक ठळक पान आपल्याकडचे आहे. मुंबईच्या गोदीत बांधलेल्या 'इन्व्हेस्टिगेटर' या सर्वेक्षण जहाजावर आल्फ्रेड अल्कॉक हे डॉक्टर निसर्गसंशोधक म्हणून काम करीत; पुढे ते कलकत्त्याच्या भारतीय संग्रहालयाचे अधीक्षक झाले. त्यांनी मॅकआर्डल यांच्यासह १९०१ साली भारतीय सागरातील एका विलक्षण खेकड्याचे वर्णन केले. त्याला शंखच नाही. त्याच्या पोटावर समुद्रपुष्प पसरलेले असते, आणि थंडीत माणूस घोंगडी ओढून घेतो तसे ते तो अंगावर ओढून घेऊ शकतो. इंग्रजीतही त्याला 'घोंगडीवाला' याच अर्थाचे नाव पडले आहे. २०१८ साली लमेत्र, राहायू आणि कोमाई यांनी या गटाची फेरतपासणी करून पाच नव्या जाती नोंदवल्या. या खेकड्यांच्या पायांची चौथी जोडी चिमट्यासारखी घडलेली असते. घोंगडी धरून ठेवण्यासाठीच ती आहे. म्हणजे सोबतीने खेकड्याचे शरीरच बदलले.

शेवटी एक अलीकडचे उदाहरण सांगतो. जपानच्या किनाऱ्यालगतच्या खोल पाण्यातील स्टायलोबेट्सची नवी जात २०२२ साली वर्णिली गेली. डायना विन जोन्स यांच्या कादंबरीत चालत्या वाड्याला जोडला गेलेला कॅल्सिफर नावाचा अग्निदैत्य आहे. त्याचेच नाव तिला दिले आहे. ग्रंथालयाच्या व्यासपीठावर हे आवर्जून सांगावेसे वाटते! संशोधकांनी मत्स्यालयात या समुद्रपुष्पाच्या यजमान खेकड्याला शंख बदलताना पाहिले. नव्या शंखात गेल्यावर तो जुन्या शंखावरील समुद्रपुष्पाला पायांनी आणि नांग्यांनी पुन्हा पुन्हा टोचीत, चिमटीत राहिला. हे काम कित्येक तास चालले. समुद्रपुष्पाने हळूहळू तळवा सैल केला, आणि खेकड्याने ते आपल्या नव्या शंखावर आणून बसवले.