चार बांध आणि एक कर्ण
(वार्षिक संमेलनात सातारा व सांगली येथील विद्यार्थ्यांनी मिळून केलेले भाषण)



भूमितीच्या एका सिद्धांताविषयी बोलण्याची संधी आपण आम्हां विद्यार्थ्यांस दिलीत, याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत. विषय रुक्ष वाटण्याचा संभव आहे. परंतु आपल्यांतील बहुतेक कुटुंबांचा कोठे ना कोठे शेताच्या बांधाशी संबंध आहे, आणि आमचा प्रश्नही बांधावरचाच आहे. शेताचे चारही बांध मोजले, म्हणजे त्याचे क्षेत्र निश्चित कळते काय?

आम्ही एकंदर सहा जण. तिघे साताऱ्याचे, तिघे सांगलीचे. जावळी-पाटणकडील डोंगरउतारावरची वेडीवाकडी वावरे साताऱ्याच्या मंडळींनी पाहिलेली, तर कृष्णाकाठची मळीची जमीन सांगलीकरांच्या परिचयाची. दोन्हीकडे घरगुती वाटणीच्या वेळी एक सोपी रीत आमच्या कानी आली. समोरासमोरच्या बांधांची सरासरी काढावी आणि त्या दोन सरासऱ्यांचा गुणाकार करावा. ही रीत कितपत खरी, याचा शोध घेण्याचे आम्ही ठरविले.

शोध घेता घेता आम्ही ब्रह्मगुप्तापर्यंत जाऊन पोहोचलो. इ. स. ६२८ मधील त्याच्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धांत’ या ग्रंथात हीच रीत दिलेली आहे. मात्र तिला तो ‘स्थूल’ म्हणतो. तिच्याच जोडीला तो ‘सूक्ष्म’ रीत देतो. चारही बाजूंच्या बेरजेचे अर्ध घ्यावे, त्यातून एकेक बाजू वजा करावी, येणाऱ्या चार संख्यांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ काढावे. हाच आमच्या अभ्यासाचा सिद्धांत होय.

एक उदाहरण घेऊ. चौकोनाच्या बाजू क्रमाने २५, ३९, ६० व ५२ मीटर आहेत. स्थूल रीतीने ४२.५ गुणिले ४५.५, म्हणजे १९३३.७५ चौरस मीटर येतात. सूक्ष्म रीतीने बेरजेचे अर्ध ८८. वजाबाकी केल्यावर ६३, ४९, २८ व ३६. आणि त्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ बरोबर १७६४. गुंठा सुमारे १०१ चौरस मीटरांचा धरला, तर दोन उत्तरांत दीड गुंठ्याहून अधिक अंतर पडते. स्थूल रीत खऱ्या क्षेत्राहून कमी कधीच देत नाही. आयत असेल तरच ती बरोबर येते, एरवी ती वाढवूनच सांगते. ज्याच्या वाट्याला अधिक तिरपे वावर येते, त्याच्या नावे कागदावर जमीन जास्त दिसते आणि नांगराखाली कमी भरते.

मग सूक्ष्म रीत तरी सर्वत्र चालेल काय? येथे भास्कराचार्यांनी आम्हांस थांबविले. शके १०७२, म्हणजे इ. स. ११५० मधील ‘लीलावती’त नेमकी हीच चार मापे आहेत. पूर्वाचार्यांनी या क्षेत्राचे कर्ण ५६ व ६३ सांगितले आहेत, असे नमूद करून ते विचारतात की, याच बाजूंचे दुसरे कर्ण कोणते? लंब किंवा कर्ण न सांगता जो चौकोनाचे निश्चित क्षेत्र विचारतो त्याला ते पिशाच म्हणतात, आणि जो उत्तर देतो त्याला तर त्याहूनही अधिक!

हे पडताळण्यासाठी आम्ही चार लाकडी पट्ट्या त्याच मापांनी सेंटिमीटरमध्ये कापल्या आणि कोपऱ्यांवर सैल स्क्रूने जोडल्या. ती चौकट आपल्यासमोर टेबलावर आहे. हिच्या बाजू बदलत नाहीत, पण कोपरा दाबताच आकार बदलतो. २५ व ३९ या बाजूंची टोके जोडणारा कर्ण ५६ असताना क्षेत्र १७६४ भरते. तोच कर्ण ४० वर आणला की क्षेत्र सुमारे १४९३ उरते. चार बांध तेच राहिले आणि क्षेत्र मात्र २७१ ने घटले. मीटरांत हेच अडीच गुंठ्यांहून अधिक होतात.

याचे कारण असे की, त्रिकोणाच्या तीन बाजू ठरल्या म्हणजे तो हलत नाही. चौकोन मात्र हलतो. कर्ण मोजला की चौकोनाचे दोन त्रिकोण होतात आणि मग क्षेत्र निश्चित होते. ब्रह्मगुप्ताची सूक्ष्म रीत खरी आहे, परंतु चारही कोपरे एकाच वर्तुळावर असतील तेव्हाच. त्या बाजूंनी होऊ शकणारे सर्वांत मोठे क्षेत्र ती सांगते. वर्तुळाची ही अट ब्रह्मगुप्ताच्या श्लोकात शब्दांनी आलेली नाही. या सूत्राची उपपत्ती केरळातील ज्येष्ठदेवाच्या सोळाव्या शतकातील ‘युक्तिभाषा’ ग्रंथात सापडते; आणि कोणत्याही चौकोनास लागू पडणारे सूत्र युरोपात १८४२ मध्ये ब्रेटश्नायडर याने दिले.

आपल्याकडील जुन्या मोजणीची शंकू-साखळी पद्धत याच तत्त्वावर चालत असे. शेतातून आडवी साखळी टाकावयाची, शंकूच्या साहाय्याने तीवर कोपऱ्यांचे लंब काढावयाचे आणि ती मापे टिपणात लिहावयाची. साखळी ३३ फुटांची आणि ३३ फूट चौरसाचा एक गुंठा. आता उपग्रहाच्या साहाय्याने चालणारी यंत्रे आली आहेत. तरी कर्ण वा लंब यांवाचून केवळ चार बांधांवर क्षेत्र सांगणे पूर्वीही शक्य नव्हते व आजही नाही.

आमच्या गटाने एक नियम पाळला. कोणी इतिहास पाहिला, कोणी गणित मांडले, कोणी चौकट तयार केली. परंतु आज जो जे बोलणार, ते त्याने फळ्यावर स्वतः सिद्ध करून इतर पाच जणांची खात्री पटविली पाहिजे, असे ठरले होते. पुस्तकात आहे किंवा हुशार मुलगा म्हणतो, एवढे कारण पुरेसे मानले नाही. भास्कराचार्यांनी ब्रह्मगुप्तास गणकांच्या मंडळाचा चूडामणी म्हणून गौरविले आणि त्याच परंपरेच्या गणिताची अटही उघड विचारली. वडिलांविषयीचा आदर आणि शंका विचारण्याचे धैर्य एका घरात नांदू शकतात, हे आम्ही त्यांच्यापासून शिकलो.

म्हणून आपल्यापाशी आमची दोन मागणी आहेत. घरात वाटणीचा प्रसंग आला, तर अधिकृत मोजणी करून घ्यावीच. पण तत्पूर्वी घरच्या अंदाजासाठी चार बांधांबरोबर एक कर्णही दोरीने मोजावा. भावाभावांत संशय शिरण्यापूर्वी एक दोरी अधिक ताणलेली बरी. आणि त्या दोरीचे दुसरे टोक शाळेत जाणाऱ्या मुलाच्या किंवा मुलीच्या हाती द्यावे.

 ही चौकट सायंकाळपर्यंत येथेच राहील. ज्यांस शंका असेल त्यांनी ती हाताने दाबून पाहावी.