फ्रेंचचा भूतकाळ आणि आपल्या घरची बोली
(न्यासाच्या महोत्सवी समारंभातील भाषण)



वारासिवनीसारख्या गावी फ्रेंच व्याकरणावर व्याख्यान कशाला, असे पुष्कळांच्या मनात आले असेल. आपल्या न्यासाच्या साहाय्याने शिकणारी काही मुले आता कॉलेजात परकी भाषा घेतात. त्यांचे पालक आम्हांला विचारतात, "घरी मराठी, शाळेत हिंदी, शेजारी पोवारी, एवढ्या गोंधळात पोराच्या डोक्यात फ्रेंच कशी शिरावी? घरची मराठी बंद केली तर बरे नाही का?" हा प्रश्न आम्हांला गंभीर वाटतो. त्याचे उत्तर एका क्रियापदाच्या आधारे द्यावयाचे आम्ही योजिले आहे.

धर्मादाय संस्थेच्या समारंभाला शोभेल असेच क्रियापद घेऊ. फ्रेंचमध्ये 'देणे' याला 'दोने' म्हणतात. ते लॅटिन भाषेतून आले, आणि त्याचे मूळ व आपल्या 'दान' शब्दाचे मूळ एकच. फारसीतील 'दादन' हेही त्याच कुळातले. ते नियमित क्रियापद आहे. फ्रेंच क्रियापदांतील फार मोठा वर्ग याच वळणाने चालतो.

'मी दिले' असे सांगावयाचे झाल्यास बोलणारा फ्रेंच माणूस दोन शब्द जोडतो. पहिला, 'जवळ असणे' या अर्थाच्या क्रियापदाचे वर्तमानकाळी रूप. दुसरा, 'दिलेले' या अर्थाचे धातुसाधित. झे दोने, मी दिले. त्यु आ दोने, तू दिलेस. इल आ दोने, त्याने दिले. नूझावों दोने, आम्ही दिले. वूझावे दोने, तुम्ही दिलेत. इल्झों दोने, त्यांनी दिले. पाहा, बदलतो तो पहिला शब्द. दुसरा जागचा हलत नाही. या काळाचे नाव 'पासे कोंपोझे', म्हणजे जोडून केलेला भूतकाळ. गंमत अशी की 'देणे' आणि 'दिलेले' ही दोन्ही रूपे कानाला 'दोने' अशीच लागतात. फरक केवळ लेखनात.

आता आपल्याकडे या. 'मी दिले आहे' यातही 'दिले' हे धातुसाधित आणि 'आहे' हे सहायक. जोडणी तीच, सहायक मात्र निराळे. आमच्या वडीलधाऱ्यांपैकी ज्यांनी फारसी वाचली, त्यांना 'दादे अम, दादे ई, दादे अस्त' आठवेल. तेथेही 'असणे' हेच क्रियापद जोडलेले असते. मराठी आणि फारसी म्हणतात 'दिलेले आहे'. फ्रेंच म्हणते 'दिलेले माझ्यापाशी आहे'.

खरी कसोटी पुढे आहे. क्रियापद कोणाच्या ओढीने बदलावयाचे? मराठीत 'मी रुपया दिला आहे, वही दिली आहे, पुस्तक दिले आहे, वह्या दिल्या आहेत'. देणारा तोच, परंतु क्रियापद दिलेल्या वस्तूच्या लिंगवचनाने चालते. हिंदीतही 'मैंने रुपया दिया है', 'मैंने किताब दी है'. याला आपण कर्मणी प्रयोग म्हणतो. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले आणि मोरो केशव दामल्यांचे शास्त्रीय व्याकरण १९११ साली आले. अशा ग्रंथांतून प्रयोगांचा विचार झाला आहे. परंतु आपल्या घरची चार वर्षांची मुलगी ग्रंथ न वाचताच 'मी पोळी खाल्ली, भात खाल्ला' असे अचूक बोलते.

फ्रेंचमध्ये 'मी चिठ्ठी दिली' म्हणताना धातुसाधित बदलत नाही. पण 'जी चिठ्ठी मी दिली ती', असे चिठ्ठीचे नाव आधी आले, की लेखनात धातुसाधिताला स्त्रीलिंगाचे चिन्ह जोडावे लागते. या नियमापाशी खुद्द फ्रान्समधील मुलेही अडखळतात. इंग्रजीवरून येणाऱ्याला तो लहरी वाटतो. मराठी मुलाला मात्र सांगावे, 'कर्म आधी आले, तर आपल्यासारखेच कर'. तो लगेच समजतो. जाणे, येणे, जन्मणे, मरणे अशा थोड्या क्रियापदांना फ्रेंचही 'असणे' हे सहायक लावते आणि तेव्हा धातुसाधित कर्त्याप्रमाणे चालते. आपल्या 'तो गेला आहे, ती गेली आहे' सारखे. ही ओळखीची वाट आपल्या मुलांच्या पायाखालची आहे.

म्हणून पालकांना आमचे सांगणे असे की, घरची भाषा बंद करू नका. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आपला बालाघाट जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. सरहद्द कागदावर बदलली. चुलीजवळची भाषा बदलली नाही. पुस्तक मराठीत नपुंसकलिंगी आणि हिंदीत स्त्रीलिंगी. मुलगा घरी 'पुस्तक दिली' म्हणाला तर त्याला हसू नये. एका भाषेचा नियम त्याने दुसरीला लावला, एवढेच. नियम त्याला ठाऊक आहे. तो कोठे लावावा हे सांगणे आपले काम. हसण्याने मूल गप्प होते, आणि गप्प झालेले मूल कोणतीच भाषा शिकत नाही. आम्ही वर्गात हे पुष्कळदा पाहिले आहे.

विश्वस्तांना एकच विनंती. शिष्यवृत्तीबरोबर वाचनालयात मराठी, हिंदी, उर्दू यांची व्याकरणे आणि कोश शेजारी शेजारी ठेवावेत, आणि आठवड्यातून एक संध्याकाळ मुलांनी एकच वाक्य तिन्ही भाषांत म्हणून पाहावे. खर्च थोडा आहे. शिकवावयास आम्ही शिक्षक मंडळी विनावेतन येऊ.

'दिले' या रूपात देणाऱ्यापेक्षा दिलेल्या वस्तूला मान असतो, ही आपल्या व्याकरणाची रीत दान करणाऱ्या संस्थेलाही साजेशी आहे. आपला न्यास असाच देत राहो, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.