वस्तरा आणि पट्टा: धार लावणं वेगळं, धार राखणं वेगळं

पुंडलिकनगरातून बोलतोय. हेडफोन लावलेत ना? चला मग.

दाढीच्या साबणावर बोललो होतो, तेव्हापासून एक प्रश्न सारखा येतोय. "दादा, आजोबांचा वस्तरा पेटीत सापडला. चामड्याच्या पट्ट्यावर घासून वापरला तर चालेल का?" उत्तर आधीच देऊन टाकतो: नुसतं पट्ट्यावर घासून नाही चालणार. का, ते आज बघू.

आधी सलूनचं सांगतो. पुंडलिकनगर रोडवर काय किंवा गजानन महाराज मंदिराकडे काय, आज बहुतेक सलूनमध्ये कारागिराच्या हातात जो वस्तरा दिसतो, त्यात ब्लेडचा अर्धा तुकडा असतो. कागदासकट ब्लेड मधोमध मोडतात, अर्धं बसवतात, काम झालं की फेकतात. पट्टा गेला तो यामुळे, आणि हे चांगलंच झालं. एकच वस्तरा दहा गालांवर फिरला तर हिपॅटायटिस बी, सी, एचआयव्ही असले आजार रक्तावाटे पसरू शकतात. वस्तरा एकवेळ उकळून घेता येईल, चामड्याचा पट्टा कसा उकळणार? म्हणून सलूनमध्ये बसलात की काकांना बिनधास्त सांगा, "नवीन ब्लेड माझ्यासमोर उघडा." त्यात लाजायचं काही नाही. आणि आज मी जे सांगतोय ते घरचं: आपला वस्तरा, आपला पट्टा, आपलाच गाल.

आता मुद्द्याची गोष्ट. धार लावतो दगड. पट्टा धार राखतो. दगड पोलाद झिजवून नवी धार काढतो. पट्टा त्या धारेवरची बारीक घाण पुसतो, वळलेली कड सरळ करतो, थोडी चकाकी आणतो. वर्षानुवर्षं पेटीत पडलेल्या वस्तऱ्याला गंज असतो, खाचा असतात. त्या पट्ट्यानं जात नाहीत. आधी दगडाचं काम जाणणाऱ्याकडून धार काढून घ्या. पातं हललेलं असेल किंवा धारेला तडा दिसत असेल, तर तो वस्तरा आठवण म्हणून ठेवा, गालाला लावू नका.

तुम्ही म्हणाल, केस एवढा मऊ, पोलाद एवढं कडक, मग धार जाते कशी? २०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी नेमकं हेच सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. पोलाद केसापेक्षा साधारण ५० पट कठीण असतं. तरी केस तिरका येऊन धारेच्या कच्च्या जागी आदळला, तर तिथला बारीक टवका उडतो. म्हणजे धार नुसती गुळगुळीत होऊन बोथट होत नाही, ती तुटतेसुद्धा. पट्टा रोजची कड सांभाळतो, पण टवके साठले की पुन्हा दगडाकडेच जावं लागतं.

आता हात कसा चालवायचा. नीट ऐका, इथंच सगळे फसतात.

पट्ट्याचं एक टोक खुंटीला अडकवा, दुसरं डाव्या हातात ताठ धरा. पट्टा सैल पडला, झोळ आला, की चामडं धारेभोवती वळतं आणि धार गोल होते. दाढीआधी धारदार असलेला वस्तरा पट्ट्यावरच बोथट होतो तो असा.

वस्तरा सपाट ठेवा. पाठ आणि धार दोन्ही चामड्याला टेकलेली. आता पाठ पुढे, धार मागे, असा ओढा. धार पुढे गेली की पट्टा कापला म्हणून समजा. टोकाला आलात की वस्तरा पाठीवर पलटवा. पाठ चामड्यावरून उचलायची नाही, धार वर येऊन दुसऱ्या बाजूला पडते. मग परत, पाठ पुढे. पलटी मनगटानं मारायची नाही, मूठ बोटांत फिरवायची.

दाब? वस्तऱ्याचं स्वतःचं वजन पुरे. पट्टा पात्यापेक्षा अरुंद असेल तर हात किंचित तिरका न्या, म्हणजे टाचेपासून टोकापर्यंत सगळी धार घासली जाईल.

किती वेळा? कापडी बाजूवर २०-३० फेऱ्या, मग चामड्यावर ४०-५०. सिनेमातल्यासारखा सपासप वेग नकोच. वेग आपोआप येतो, घाईनं आणला की पट्ट्याला चीर पडते. पहिले आठ-दहा दिवस जेवणातली बोथट सुरी घ्या आणि फक्त पलटी घोटा. हात बसला की मगच वस्तरा.

पट्टा कुठला? पँटचा जुना बेल्ट चालेल का, असं बरेच जण विचारतात. बहुतेक बेल्टवर प्लास्टिकचा थर असतो, नाहीतर आत चामड्याचा चुरा दाबलेला असतो. त्यावर नको. अख्खं, गुळगुळीत, शिवण नसलेलं चामडं पाहिजे. रोज कोरड्या तळहातानं चोळा, बूटपॉलिश लावू नका. हिरवी पेस्ट लावायची असेल तर वेगळ्या पट्ट्यावर. ती पोलाद झिजवते, रोजच्या कामाची नाही.

पट्टा दाढीच्या आधी मारायचा. दाढी झाली की वस्तरा धुवा, कोरडा पुसा, कापडावर चार-पाच फेऱ्या द्या. जुनं पोलाद गंजतं. आपल्याकडे उन्हाळा कोरडा असला तरी पावसाळ्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पात्यावर फिरवा. बाथरूममध्ये तर ठेवूच नका. घरात लहान मुलं असतील तर कुलपात ठेवा.

आणि धार अंगठ्यानं बघायची नाही! हातावरच्या केसाला हलकेच लावा. अलगद कापला तर ठीक. ओढला गेला तर पुन्हा पट्टा, आणि तरीही ओढला तर दगड.

हे सगळं वाचून, ऐकून येत नाही, हाताला वळण लागावं लागतं. तुमच्या गल्लीत पूर्वी पट्टा वापरलेले एखादे जुने कारागीर असतील, तर दुपारी दुकान रिकामं असताना जा. काका म्हणा, चहा सांगा, आणि फक्त त्यांची बोटं बघा. ही विद्या आता सलूनच्या भिंतीवर टांगलेली दिसत नाही, ती त्यांच्या हातात आहे. ते आहेत तोवर विचारून घ्या.

घरी जुना वस्तरा सापडला असेल तर फोटो पाठवा. भेटू पुढच्या भागात!