अनुवंशाचे गणित

(ज्ञातीच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात माध्यमिक शाळांतील विद्यार्थ्यांपुढे दिलेले व्याख्यान)



घरात मूल जन्मास आले की बारशापूर्वीच त्याच्या नाकाडोळ्यांची वाटणी सुरू होते. नाक आजोबांचे, रंग आईचा, घारे डोळे मात्र कोणाचे ते कोणासच उमगत नाही. मूल आईसारखे निघाले तर ‘खाण तशी माती’ म्हणून आपण मोकळे होतो. कोणासारखेच नसले तर ‘आजोळच्या वळणावर गेले’ असे म्हणतो. या बोलण्यात निरीक्षण आहे, नियम नाही. तो नियम कोणता आणि आपल्या सोयरिकींशी त्याचा संबंध काय, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या ब्र्नो या गावी ग्रेगोर मेंडेल नावाचा एक ख्रिस्ती मठवासी राहत असे. त्याचा जन्म १८२२ चा. १८५६ पासून सुमारे आठ वर्षे त्याने मठाच्या बागेत वाटाण्याची लागवड केली. गोल दाण्याचा वाण आणि सुरकुतलेल्या दाण्याचा वाण यांचा त्याने संकर केला, तेव्हा आलेले सगळे दाणे गोल निघाले. मग सुरकुत्या गेल्या कोठे? मेंडेलने तेच गोल दाणे पेरले आणि त्या रोपांचा स्वफलनाने झालेला वाटाणा मोजला. ७,३२४ दाण्यांपैकी ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले! तिनास एक. बागेत वाटाणा लावणारे पुष्कळ होते. दाणे मोजीत बसणारा हा एकच. त्याने १८६५ मध्ये आपले निष्कर्ष वाचून दाखविले, ते १८६६ मध्ये छापले गेले, आणि जगाने त्यांची दखल घेतली ती १९०० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी.

त्या आकड्यांचा अर्थ असा. अशा प्रत्येक गुणासाठी जीवाजवळ दोन घटक असतात, एक आईकडून आलेला व एक बापाकडून. या घटकांना आज आपण जनुके म्हणतो. गोल व सुरकुतलेला असे दोन घटक एकत्र आले तर गोलाचेच चालते, तो प्रभावी. दुसरा अप्रभावी. परंतु मित्रहो, अप्रभावी म्हणजे नष्ट झालेला नव्हे. तो मुकाट्याने पिढ्यान्‌पिढ्या पुढे जातो आणि आपला जोडीदार भेटला की प्रकट होतो.

ही जनुके गुणसूत्रांवर वसलेली असतात. मनुष्याच्या पेशीत ४६ गुणसूत्रे, म्हणजे २३ जोड्या. प्रत्येक जोडीतील एक आईचे, एक बापाचे. मुलगा होणार की मुलगी, हे बापाकडून एक्स गुणसूत्र येते की वाय, यावर ठरते. आईजवळ दोन्ही एक्सच असतात. मुलीच होतात म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या घरांतील मुलांनी एवढे एक वाक्य घरी जाऊन सांगितले, तरी आजच्या व्याख्यानाचे सार्थक झाले असे मी समजेन.

एक सावधगिरीही येथेच सांगतो. सगळेच गुण वाटाण्याच्या दाण्यासारखे सरळ नसतात. उंचीवर शेकडो जनुकांचा आणि शिवाय ताटातील अन्नाचा परिणाम होतो. बुद्धीचे तर विचारूच नका. तेव्हा आजच्या पारितोषिकांचे श्रेय घराण्याच्या रक्तास देण्याची घाई कोणी करू नये. रात्री जागून अभ्यास मुलांनी केला आहे.

काही रोग मात्र अगदी मेंडेलच्या हिशेबाने चालतात. थॅलेसीमिया हा त्यांपैकी एक. त्याचे एक सदोष जनुक असलेल्या मनुष्यास वाहक म्हणतात. तो वाहक असतो, रोगी नव्हे. तो शेती करतो, नोकरी करतो, म्हातारा होतो आणि आपण वाहक आहोत हे बहुधा त्याच्या गावीही नसते. दोन वाहकांचा विवाह झाला म्हणजे प्रश्न उभा राहतो. दोन नाणी एकदम उडवून पाहा: दोन्ही काटे पडण्याचा संभव चारांत एक. तसेच दोन्हीकडून सदोष जनुक मिळण्याचा संभव प्रत्येक अपत्यास चारांत एक. येथे पुष्कळांची समजूत चुकते. पहिले मूल आजारी निघाले, आता पुढची तीन निर्धास्त, असे ते धरतात. नाण्याला मागचे काही आठवत नाही. प्रत्येक खेपेस गणित नव्याने सुरू होते. तीव्र थॅलेसीमियाच्या बालकास दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते, आणि अस्थिमज्जारोपण साधले नाही तर ते जन्मभर. विदर्भ व खानदेशातील अनेक समाजांत आढळणारा सिकलसेल रोगही याच रीतीने उतरतो.

आता आपल्या घराकडे वळू. मामाची मुलगी करण्याची चाल महाराष्ट्रातील पुष्कळ ज्ञातींत आहे, आपल्यातही आहे. गोत्र आणि देवक पाहून आपण म्हणतो, रक्त वेगळे आहे. पण गोत्र बापाकडूनच मोजले जाते. निसर्ग अर्धा हिशेब आईकडून मांडतो. समजा, आजोबा एखाद्या विरळ रोगाचे वाहक आहेत. ते जनुक नातवात असण्याचा संभव एक चतुर्थांश, मामाच्या मुलीतही एक चतुर्थांश. त्यांचे लग्न झाल्यास त्यांच्या अपत्यास रोग होण्याचा संभव चौसष्टांत एक. तोच नातू परक्या घरातील मुलगी करील आणि तेथे दोनशे माणसांत एक वाहक असेल, तर हा संभव बत्तीसशेत एक. पन्नासपट अंतर पडले! असे काही सदोष अप्रभावी जनुक तुमच्याआमच्यापैकी बहुतेक प्रत्येकाजवळ असते. उच्चनीच कोणतीही ज्ञात त्यातून सुटलेली नाही. फरक एवढाच, की लहान ज्ञातीत त्याच त्या घरांत सोयरिकी होत राहिल्या म्हणजे लपलेली जोडी भेटण्यास वाव अधिक मिळतो.

यावर उपाय आहे. सायप्रस या बेटावर थॅलेसीमियाचे वाहक फार. तेथे १९७० नंतरच्या दशकात तपासणीची मोहीम निघाली, आणि १९८३ पासून तेथील चर्चने विवाहापूर्वी तपासणीचा दाखला मागण्यास आरंभ केला. लग्नास बंदी नव्हती. वधूवरांनी जाणून घ्यावे एवढाच आग्रह. पुढे तेथे अशी बालके जन्मास येणे जवळजवळ थांबले. आपल्याकडेही हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी रक्ततपासणी होते. दोघांपैकी एकच वाहक असेल तर अपत्यास तीव्र रोगाचे भय नाही. दोघेही असतील तर वैद्यकीय सल्ला घ्यावा. गर्भाची तपासणी पहिल्या तीन महिन्यांतच होऊ शकते. पत्रिका पाहणाऱ्यांशी माझे भांडण नाही, त्यांनी छत्तीस गुण खुशाल जुळवावेत. त्याआधी हा एक कागद पाहावा.

वधूवरसूचक समितीच्या चिटणीसांस मात्र एक विनंती. हा कागद ज्याचा त्याच्याजवळ राहू द्यावा. नोंदवहीत ‘वाहक’ असा रकाना पाडला, तर निरोगी मुलींच्या सोयरिकी मोडतील, मुलग्यांच्या मोडणार नाहीत, आणि भीतीपोटी पुढच्या वर्षी तपासणीस कोणी येणार नाही. तपासणी अकरावी-बारावीच्या वयातच, पालकांच्या संमतीने, स्थळे पाहण्यास आरंभ होण्यापूर्वी व्हावी आणि तिचा अहवाल बंद पाकिटात घरी जावा.