गोड परफ्यूम लावणारी मुलगी गोडच असते का?

आज कोडिंग नाही, इंटरव्ह्यू टिप्स नाहीत. आज आपण परफ्यूमबद्दल बोलणार आहोत. हेडफोन लावून बसमध्ये ऐकत असाल तर आजूबाजूला कोणता वास येतोय तेही बघा, विषयाला उपयोगी पडेल!

परफ्यूममध्ये एक प्रकार असतो, गुरमाँ. आपल्याकडे बरेच जण त्याला गोरमांड म्हणतात. मूळ फ्रेंच शब्द, अर्थ साधारण ‘खवय्या’. म्हणजे ज्याचा वास खाण्याच्या पदार्थासारखा येतो असा परफ्यूम. व्हॅनिला, कॅरमेल, चॉकलेट, कॉफी, भाजलेले बदाम. मला हे परफ्यूम कॉलेजपासून आवडतात.

आता तुम्ही ते रील्स पाहिलेच असतील, ‘तुमचा परफ्यूम तुमच्या स्वभावाबद्दल काय सांगतो’. त्यात लिंबू-संत्र्याचा वास आवडणारा माणूस उत्साही असतो. चंदन, देवदारवाला म्हणजे लीडर. आणि व्हॅनिलावाली? ती प्रेमळ, भावुक, लाडात वाढलेली, थोडीशी बाळबोध.

गंमत म्हणून ठीक आहे हो. पण हे रीलपुरतं राहत नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, सहा वर्षं होतील आता. एका जुन्या कंपनीत रिव्ह्यूच्या वेळी एक सिनियर मला म्हणाले, “काम उत्तम आहे तुझं. पण क्लायंटसमोर तू तितकी सिरियस वाटत नाहीस. आणि तो केकसारखा वास... जरा कॉलेजगर्ल वाटतं.” हसत हसतच म्हणाले. पण त्या वेळी क्लायंटसमोर कोण उभं राहणार हे तेच ठरवत होते. त्यामुळे माझ्यासाठी तो विनोद नव्हता.

मग मी आपल्या सवयीप्रमाणे रूट कॉज शोधायला बसले. गोड वास म्हणजे बाळबोध मुलगी, हे आलं कुठून?

आधुनिक गुरमाँ परफ्यूमची सुरुवात धरतात ती ‘एंजेल’पासून. साल 1992, फ्रेंच डिझायनर थिएरी म्युग्लेर. परफ्यूम बनवला ऑलिव्हिए क्रेस्प यांनी. म्युग्लेर यांना लहानपणच्या जत्रेचा वास हवा होता, साखर, कॅरमेल, चॉकलेट असा. त्यासाठी क्रेस्प यांनी एथिल माल्टॉल नावाचं रसायन भरपूर वापरलं. त्याचा वास कसा? जत्रेत गुलाबी बुढ्ढी के बाल मिळतात ना, तिथे मशीनजवळ उभं राहिल्यावर येतो तसा. खाद्यपदार्थांच्या फ्लेवरमध्येही ते वापरतात.

इथपर्यंत ऐकून वाटेल, बरोबर, लहान मुलींचाच परफ्यूम. पण थांबा. हे म्युग्लेर कोण? तर रुंद, टोकदार खांद्यांचे आणि कमरेत घट्ट बसणारे कपडे करणारा माणूस. त्यांच्या कपड्यांतली बाई खोलीत शिरली की सगळ्यांनी वळून बघावं अशी. बाळबोध वगैरे तर अजिबात नाही!

आणि एंजेलमध्ये नुसती साखर नाही. तितक्याच जोरात पॅचुली आहे. पॅचुली म्हणजे ओल्या मातीसारखा, गडद, किंचित कापरासारखा वास. आपल्याकडे गजऱ्यात मरवा, दवणा यांच्यासोबत जी पाच असते ना, ती याच कुळातली. एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शाली युरोपात जायच्या, तेव्हा कसर लागू नये म्हणून घड्यांमध्ये पॅचुलीची पानं ठेवायचे. त्यामुळे तो वास तिकडे माहीत झाला. एंजेलची खरी मजा या भांडणातच आहे, वर जत्रेतली साखर आणि खाली अंधारी माती. म्हणूनच काही लोक त्याच्यासाठी वेडे असतात आणि काहींना तो दोन मिनिटंही सहन होत नाही.

अजून मागे जाऊ. 1925 मध्ये गेर्लँ कंपनीचा ‘शालिमार’ आला. नाव आपल्या मुघल बागांवरून. त्यात व्हॅनिलाच व्हॅनिला आहे, पण सोबत धूर आणि चामड्याची छटा. त्या व्हॅनिलाची प्रतिमा कशी होती? मोहक, धीट, जरा बदनामच म्हणा ना.

आणि आता मुलांनो, तुमच्याकडे वळते. जाँ पॉल गोतिए यांचा ‘ले माल’, साल 1995, पुरुषांचा परफ्यूम. लॅव्हेंडर, पुदिना आणि खाली चांगला जाड व्हॅनिला. बाटली कशी? पुरुषाच्या पिळदार धडाच्या आकाराची. म्युग्लेर यांनीही 1996 मध्ये पुरुषांसाठी ‘ए मेन’ काढला, त्यात कॉफी आणि कॅरमेल आहे. हे लावून ऑफिसला आलेल्या मुलाला कुणी ‘केक’ म्हणत नाही. त्याला म्हणतात, भारी आहे रे, कुठला आहे?

म्हणजे बघा, व्हॅनिला तोच. बाटली बदलली, जाहिरात बदलली, लावणारा बदलला की स्वभाव बदलला. मग स्वभाव परफ्यूममध्ये होता का बघणाऱ्याच्या डोक्यात?

तरीही ते रील वाचून ‘अय्या, मी अगदी अशीच आहे’ असं का वाटतं? याचा एक जुना प्रयोग आहे. 1948 मध्ये अमेरिकेत बर्ट्रम फोरर या मानसशास्त्राच्या शिक्षकाने 39 विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुझा रिपोर्ट’ म्हणून कागद दिला. विद्यार्थ्यांनी अचूकतेला 5 पैकी सरासरी 4.26 गुण दिले. आणि मग कळलं की सगळ्यांच्या कागदावर एकच मजकूर होता! तोही बराचसा भविष्याच्या पुस्तकातून घेतलेला. ‘तू बाहेरून खंबीर, पण आतून हळवी’, हे कुणाला लागू होत नाही सांगा?

मग वासाचा आणि माणसाचा काहीच संबंध नाही का? आहे ना. नाकाकडून येणारा संदेश मेंदूत भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांपर्यंत फार जवळच्या रस्त्याने जातो. डोळे-कानांचे संदेश आधी थॅलॅमस नावाच्या जंक्शनवर थांबतात, वासाला तो थांबा घ्यावाच लागत नाही. म्हणून एखादा वास आला की नाव आठवायच्या आधी पोटात काहीतरी हलतं.

पण ती आठवण ज्याची त्याची असते. माझ्या पिढीला व्हॅनिला म्हणजे बर्थडे केक आणि कपातलं आइस्क्रीम. माझ्या आजीला गोडाचा वास म्हणजे वेलची, जायफळ, पुरणासाठी शिजणारा गूळ. तिला माझा परफ्यूम हुंगायला दिला तर म्हणाली, “औषधासारखा येतोय गं.” तिच्या हिशेबाने मी गोड नाहीच!

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. त्या सिनियरनी जर म्हटलं असतं की वास फार जोरात येतो, डोकं दुखतं, तर ती तक्रार शंभर टक्के रास्त होती. बंद एसी खोलीत आठ जण बसलेले असताना कुणालाही त्रास होऊ शकतो. परफ्यूमचं प्रमाण हा माझ्या जबाबदारीचा भाग आहे. पण माझं डिझाइन नीट आहे की नाही, हे व्हॅनिलावरून ठरत नाही. मी पुढे तोच परफ्यूम लावून डेमो दिले, आणि तेव्हा प्रश्न आले ते फक्त लेटन्सीबद्दल.

जाता जाता, घ्यायचाच असेल तर तीन गोष्टी. एक, दुकानातल्या कागदी पट्टीवर भरवसा ठेवू नका. मनगटावर लावा आणि दोन-तीन तास फिरून या. वरचे हलके वास उडून जातात, व्हॅनिला आणि पॅचुली मागे राहतात, आणि दिवसभर तुम्हाला त्यांच्यासोबतच राहायचंय. दोन, एप्रिल-मेच्या उन्हात गोड वास जास्त अंगावर येतो, तेव्हा एक स्प्रे पुरे. तीन, बाटलीवर ‘फॉर हर’ आहे की ‘फॉर हिम’ हे बघूच नका, वास घ्या.

तुम्हाला कधी कुणी वासावरून जज केलंय का? आणि तुमच्यासाठी ‘गोड’ वास म्हणजे नक्की कुठला? पेढा, मोगरा, ओला नारळ, काहीही चालेल. कमेंटमध्ये लिहा, मी सगळ्या वाचते. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, बाय!