लाभार्थी आणि सभासद

(रोटरी आणि रोटरॅक्टच्या सभासदांसमोर एका प्रांतीय परिषदेत केलेलं भाषण, किंचित संपादित स्वरूपात.)



सकाळपासून आपण क्लबांचे अहवाल ऐकतोय. किती झाडं लावली, किती चष्मे वाटले, किती बाटल्या रक्त जमा झालं. यासाठी तुम्ही आपले रविवार दिलेत, त्याबद्दल मनापासून अभिनंदन. पण मी पडलो सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे ॲप किती जणांनी डाउनलोड केलं हा आकडा सगळे हौसेने सांगतात. किती जणांनी आठवड्याभरात ते काढून टाकलं, हा आकडा मात्र मागून घ्यावा लागतो. मी आज तो दुसरा आकडा मागायला उभा आहे.

रोटरीची सुरुवात 23 फेब्रुवारी 1905 रोजी शिकागोत झाली. पॉल हॅरिस वकील होते. त्यांच्यासोबतच्या तिघांत एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता आणि एक शिंपी. या क्लबने 1907 मध्ये हाती घेतलेलं पहिलं मोठं लोकोपयोगी काम कोणतं होतं? सार्वजनिक स्वच्छतागृह! फोटोत शोभून दिसेल असं ते काम नव्हतं, पण शहरात फिरणाऱ्या माणसाची ती रोजची अडचण होती.

आता पोलिओकडे येऊ, कारण रोटरीचं नाव जगभर झालं ते त्या कामाने. 1979 मध्ये फिलिपिन्समधल्या सुमारे 60 लाख मुलांना डोस देण्याचं काम रोटरीने घेतलं आणि 1985 मध्ये पोलिओप्लस मोहीम सुरू झाली. तरीही 2009 मध्ये भारतात पोलिओचे 741 रुग्ण होते, जगात सर्वाधिक. बहुतेक उत्तर प्रदेश आणि बिहारमधले. पश्चिम उत्तर प्रदेशात मुस्लिम वस्त्यांचं प्रमाण त्यात मोठं होतं. पथक आलं की काही घरांची दारं बंद व्हायची. या थेंबांनी मुलं पुढे नापुंसक होतात, अशी अफवा होती. ‘हे लोक अडाणी, धर्मवेडे’ असं म्हणून विषय संपवणं सोपं होतं, आणि तसं म्हणणारे होतेही.

पण दार लावणाऱ्या आया आणखी एक गोष्ट सांगत होत्या. गटार तुंबलंय, पोर जुलाबाने हैराण आहे, तापावर औषध मिळत नाही, त्यासाठी कुणी येत नाही. मग या दोन थेंबांसाठीच पुन्हा पुन्हा का येता? त्यांना विषाणूशास्त्र माहीत नव्हतं, पण प्रश्न अगदी नेमका होता. पोलिओचा विषाणू विष्ठेतून, घाण पाण्यातून पसरतो. सतत जुलाब होणाऱ्या मुलाच्या पोटात तोंडावाटे दिलेल्या लसीचा परिणामही कमी होतो. म्हणजे बाईची गटाराची तक्रार आणि डॉक्टरांचा पोलिओचा प्रश्न मुळात एकच होता.

हे लक्षात घेऊन काम बदललं. युनिसेफच्या जाळ्यात त्या त्या वस्तीतल्याच बायका घरोघर जाऊ लागल्या. रोटरीने उलेमांची समिती केली, मशिदींतून आवाहन झालं. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ आणि जामिया मिलिया यांनीही साथ दिली. सर्वाधिक धोक्याच्या 107 तालुक्यांत थेंबांच्या जोडीला हात धुणं, स्वच्छता, जुलाबावर ओआरएस आणि झिंक आलं. 2010 मध्ये अधिक परिणामकारक लसही आली. त्या वर्षी रुग्ण 42 वर आले. त्यांत आपल्या मालेगावचेही होते. शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी हावड्यात सापडला, आणि 27 मार्च 2014 रोजी भारतासह दक्षिण-पूर्व आशिया पोलिओमुक्त जाहीर झाला.

यातून आपल्यासाठी काय घ्यायचं? मी राहतो त्या मोहल्ल्यात दोन वर्षांपूर्वी एका संस्थेने नेत्रतपासणी शिबिर घेतलं. दिवस शुक्रवार, वेळ दुपारी बारा ते तीन. पुरुष जुम्म्याच्या नमाजला, बायका स्वयंपाकात. सगळी मिळून तीस-चाळीस माणसं आली. ‘या लोकांत जागृतीच नाही’ असा शेरा मारून मंडळी निघून गेली. आमच्या गल्लीतल्या एखाद्या खालाला आधी फोन केला असता, तर तिने एका मिनिटात रविवार सकाळ सुचवली असती. पण बैठकीत तिला विचारणारं कुणी नव्हतं, कारण तिचा नंबरच कुणाकडे नव्हता.

या सभागृहात कोण नाही, हा प्रश्न रोटरीला नवा नाही. कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते या छोट्या गावातल्या क्लबने स्त्रियांना सभासद केलं, म्हणून 1978 मध्ये त्याची मान्यता काढून घेतली गेली. क्लब कोर्टात गेला. 1987 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने क्लबच्या बाजूने निकाल दिला आणि 1989 मध्ये रोटरीने जगभर नियम बदलला. आज इथे बसलेल्या प्रत्येक महिला अध्यक्षाच्या मागे तो छोटा क्लब उभा आहे.

माझी मागणी तीन गोष्टींची आहे. एक, उपक्रम ठरवण्याची पहिली बैठक त्या वस्तीत घ्या, मराठीत घ्या, त्यांच्या सोयीच्या वेळी घ्या. दोन, आपलं रोटरी वर्ष 30 जूनला संपतं, गटार मात्र 1 जुलैलाही तुंबलेलंच असतं. म्हणून दर वर्षी किमान एक काम असं घ्या, ज्यावर मावळत्या आणि येणाऱ्या, दोन्ही अध्यक्षांची सही असेल. तीन, ज्यांना आज अहवालात ‘लाभार्थी’ लिहिलंय, त्यांतले निदान दोन जण पुढच्या परिषदेला सभासद म्हणून इथे बसलेले दिसू द्या. वर्गणी आड येत असेल, तर ती कमी करा. हॉटेलातली सभा शाळेच्या वर्गात घ्या.

इथे मोजकेच मुस्लिम तरुण-तरुणी दिसतायत. त्यांनाही सांगतो, आमंत्रणाची वाट पाहू नका. मोहल्ल्याच्या प्रश्नांसाठी या, पण तेवढ्यासाठीच नको. धनगर वाड्यातल्या पाण्याच्या टाकीसाठीही तुमची सही लागू द्या, जिल्हा रुग्णालयात कुणासाठीही तुमचं रक्त जाऊ द्या. घरी अम्मी-अब्बूंना काळजी वाटत असेल, तर त्यांना एकदा कामावर घेऊन या. रिक्षावाल्याची मुलगी आणि कारखानदाराचा मुलगा एका खराट्याने एकच अंगण झाडताना त्यांनी पाहिलं, की बरंचसं समजावण्याचं काम वाचेल.

परिषद उद्या दुपारी संपेल. जाण्यापूर्वी प्रत्येक क्लबच्या सचिवाने आपल्या कामाच्या वस्तीतल्या एका माणसाचं नाव आणि फोन नंबर वहीत लिहावा, आणि सोमवारी त्याला फोन करावा. काय वाटायचं आहे, हे सांगायला नव्हे. काय अडलंय, हे विचारायला.